माशांची हद्द कुठे संपते?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, खोल समुद्रातले मासे एवढ्या दाबाखाली चिरडत कसे नाहीत?" मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, प्राणिशास्त्र माझा विषय नव्हे. पण प्रश्न डोक्यात राहिला, म्हणून वाचत गेलो. आज त्याविषयी बोलतो.

आधी दाबाचा हिशेब. पाण्यात दर १० मीटर खाली गेलं की साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे ८००० मीटरवर आपल्या अंगणातल्या हवेच्या सुमारे ८०० पट दाब. आपण तिथे नुसते गेलो तर काय होईल? आपली फुप्फुसं, कानाच्या पोकळ्या, या सगळ्यांत हवा आहे आणि हवा दाबली जाते. पाणी मात्र जवळजवळ दाबलं जात नाही. बाटलीत काठोकाठ पाणी भरून ती दाबून बघा, म्हणजे कळेल.

मॅरियाना गर्तेत स्नेलफिश जातीचा एक मासा सापडतो. २०१७ साली त्याचं शास्त्रीय नाव ठरलं, स्यूडोलिपॅरिस स्वायरी. १८७५ मध्ये ही गर्ता 'चॅलेंजर' जहाजाच्या मोहिमेत प्रथम मोजली गेली. त्या जहाजावरचे एक अधिकारी हर्बर्ट स्वायर यांच्यावरून हे नाव दिलंय. सुमारे ७००० ते ८००० मीटरवर राहणारा हा मासा दिसतो कसा? वीतभर लांब, फिकट गुलाबी, अंगाला खवले नाहीत, कातडीखाली मऊ, जेलीसारखा थर. राक्षसी जबडा नाही, चिलखत नाही. हवेची पिशवी नाही, म्हणजे दाबायला आत पोकळीच नाही. जितका दाब बाहेर, तितकाच आत. मग चिरडणार काय?

एवढ्यावर भागलं असतं तर सगळेच मासे खाली गेले असते. खरी अडचण फार सूक्ष्म पातळीवर आहे. शरीरातली प्रथिनं काम करताना आकार बदलतात, उघडतात, मिटतात. प्रचंड दाबाखाली पाणी त्यांच्या घड्यांत शिरू पाहतं आणि आकार बिघडतो. पेशींच्या पडद्यांचंही तसंच. थंडीत साजूक तूप थिजतं, शेंगदाण्याचं तेल थिजत नाही. दाब आणि थंडी दोन्हीही पडद्यांना थिजवतात. म्हणून खोलवरच्या माशांच्या पडद्यांत तेलाच्या जातीची, न थिजणारी मेदाम्लं जास्त असतात.

आणि प्रथिनांचं काय? त्यांना सांभाळणारं एक रसायन आहे, टीएमएओ. ते आसपासच्या पाण्याला असं धरून ठेवतं की प्रथिनांची घडी विस्कटत नाही. तुमच्या आमच्या स्वयंपाकघराशी त्याचा संबंध आहे बरं का! समुद्रातला मासा मेला की जिवाणू याच टीएमएओचं विघटन करतात आणि त्यातून तो ओळखीचा माशाचा वास सुटतो. आपण बांगड्याला कोकम नाहीतर लिंबू लावतो ना, त्यातलं आम्ल या वासाच्या द्रव्याला बांधून ठेवतं.

मासा जितका खोल राहणारा, तितकं त्याच्या अंगात टीएमएओ जास्त. इथे गोष्ट रंगते. काकडीवर मीठ घातलं की पाणी सुटतं. उथळ समुद्रातल्या हाडांच्या माशांचं अंग समुद्रापेक्षा पुष्कळ कमी खारट, म्हणून त्यांच्या अंगातलं पाणी सतत बाहेर जात असतं. ते समुद्राचं पाणी पिऊन भरपाई करतात. खोल जाताना टीएमएओ वाढत गेलं की हा फरक कमी होतो. साधारण ८२०० ते ८४०० मीटरवर तो संपायला हवा. त्याखाली उलटं होईल. बाहेरचं पाणी आत घुसेल, पाण्यात टाकलेल्या मनुकेसारखं. म्हणजे ज्याने माशाला खाली नेलं, तेच त्याला पुढे जाऊ देत नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो. ही हद्द माणसाने दोनदा चुकीची आखली.

एडवर्ड फोर्ब्स नावाच्या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने एजियन समुद्रात जाळं ओढलं. जितकं खोल जावं तितके प्राणी कमी. त्यावरून १८४३ मध्ये त्याने सांगितलं की ३०० फॅदम, म्हणजे सुमारे ५५० मीटरच्या खाली जीव नाहीच. निरीक्षण प्रामाणिक होतं, पण एका समुद्रावरून सगळ्या समुद्रांचा निष्कर्ष काढला.

मग २३ जानेवारी १९६०. झाक पिकार आणि डॉन वॉल्श 'त्रिएस्त' पाणबुडीतून जवळपास ११ किलोमीटर खाली, पृथ्वीवरच्या सगळ्यात खोल तळाशी उतरले. आपल्याला एक चपटा मासा दिसला, असं पिकारने सांगितलं. फोटो नाही. आजचे बहुतेक अभ्यासक म्हणतात, तो मासा नसावा, बहुधा समुद्रकाकडीसारखा प्राणी असावा. पिकार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. समुद्रात हलणारं काही दिसलं की मन आधी 'मासा' म्हणतं.

एकाने न दिसल्यावरून नाही म्हटलं, दुसऱ्याने दिसल्यावरून आहे म्हटलं. उत्तर मिळालं ते माशाच्या अंगातल्या क्षारांचा हिशेब मांडल्यावर. २०२२ साली जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत कॅमेऱ्याने एका स्नेलफिशचं चित्रण केलं. खोली ८३३६ मीटर. हिशेब अगोदर मांडलेला होता आणि मासा त्या हद्दीच्या आत सापडला. उद्या त्याखाली एखादा मासा सापडला तर हिशेब सुधारावा लागेल. चुकीचं ठरण्याची अशी तयारी ठेवतं, तेच ज्ञान.

आता त्या श्रोत्यांच्या प्रश्नाकडे परत येऊ. 'दाब सोसतो कसा' असं आपण विचारतो, कारण सोसावं आपल्याला लागलं असतं. स्नेलफिशला तो दाब म्हणजे घर आहे. त्याला वर आणलं तर त्याची प्रथिनं, त्याचे पडदे बिघडतात. त्याच्या दृष्टीने बिकट जागा आपली आहे. शिवाय आपण 'जुळवून घेतलं' म्हणतो, तेव्हा वाटतं माशाने काही ठरवलं. ठरवलं कुणीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या जे तिथे तगले, त्यांचीच पिल्लं राहिली.

तेव्हा कुणाचंही जगणं 'भयंकर' म्हणण्याआधी, ते कुणाच्या मापाने मोजतोय, एवढं स्वतःला विचारावं. आज इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.