लंडनच्या उदरातील रोमन तट

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या टॉवर हिल ह्या स्थानकातून बाहेर पडले की, थोड्याच पावलांवर एक जुनी भिंत उभी दिसते. उंची सुमारे ३५ फूट. तिच्यासमोर रोमन सम्राट ट्रेजन ह्याचा ब्राँझचा पुतळा आहे, आणि त्यामुळे पाहणाऱ्याचा सहज समज होतो की, ही भिंत त्यानेच बांधली. वस्तुतः ट्रेजन इ. स. ११७ मध्ये मरण पावला, आणि भिंतीचा पाया त्यानंतर पाऊण शतकाहून अधिक काळाने घातला गेला. शिवाय दृष्टीस पडणारी सगळी भिंत रोमन नव्हेच. खालचा सुमारे १४ फुटांचा भाग तेवढा रोमन; त्यावरची उंची मध्ययुगीन गवंड्यांनी चढविलेली आहे. तो खालचा भाग पाहावयाचा तर आजच्या रस्त्यावरून पायऱ्या उतरून जावे लागते.

शहरे अशी उंच का होतात, हे समजून घेण्यासारखे आहे. जुने घर पडले किंवा जळले, तर त्याचा राडारोडा शहराबाहेर नेऊन टाकण्याचा खर्च कोणी करीत नसे. तो तेथेच पसरून त्यावर नवे घर उभारीत. लंडनमध्ये हा क्रम जवळजवळ दोन हजार वर्षे चालू आहे. इ. स. ६० च्या सुमारास राणी बौडिका हिने हे कोवळे नगर जाळले, त्या वेळच्या जळक्या लाल मातीचा थर आजही पाया खणताना सापडतो.

त्या आगीच्या वेळी नगराला तट नव्हता. तो झाला इ. स. १९० ते २२५ ह्या काळात. त्याची लांबी सुमारे दोन मैल, तळाशी रुंदी आठ-नऊ फूट व उंची सुमारे वीस फूट. आतील क्षेत्र ३३० एकर. बाहेरून खंदक होता. बांधणीची रीत अशी: दोन्ही अंगांना घडीव दगडांची तोंडे, मधल्या पोकळीत दगडांचे तुकडे व चुना ह्यांचा भराव, आणि काही काही अंतरावर भाजलेल्या चपट्या लाल विटांचे आडवे थर. हे थर शोभेसाठी नाहीत. ते दोन्ही तोंडांना बांधून ठेवतात आणि चढत्या कामाला समपातळी देतात. आज रोमन काम व मध्ययुगीन काम ह्यांतील भेद ओळखण्याची पहिली खूण म्हणजे ह्या तांबड्या रेघा होत.

लंडनच्या आसपास चांगला दगड नाही. तटाचा करडा, कठीण दगड केंट परगण्यातील मेडस्टनच्या परिसरातून आला. मेडवे नदीतून खाली आणि टेम्स नदीतून वर, असा त्याचा जलमार्ग होता. इ. स. १९६२ मध्ये ब्लॅकफ्रायर्स येथे नदीच्या गाळात एक रोमन नौका सापडली, ती ह्याच दगडाने लादलेली होती. डोलकाठीच्या खोबणीत डोमिशियन सम्राटाचे एक नाणे ठेवलेले होते व त्यावर भाग्यदेवता फॉर्च्यूना हिची प्रतिमा होती. नौकेला जलसमाधी मिळाली हे खरे, परंतु तिच्या बांधणाऱ्याचा भाव मनाला स्पर्श करतो. ही नौका तटाच्याच कामावर होती असे सिद्ध करता येत नाही. पण दगड कसा येत असे, ह्याचा असा साक्षीदार दुसरा नाही.

तटावर बांधकामाचा शिलालेख नाही. मग काळ ठरविला कसा? येथेही नाणीच कामी आली. बांधकामापूर्वीच्या थरात इ. स. १८३-८४ चे कॉमोडस सम्राटाचे नाणे मिळाले. अर्थात तट त्याच्या नंतरचा. उलट तटाच्या एका बुरुजात खोटी नाणी पाडणाऱ्यांनी टाकलेले साचे मिळाले, ते इ. स. २२० नंतरच्या थोड्या वर्षांतले. अर्थात तट त्याच्या आधीचा. संरक्षणासाठी बांधलेल्या बुरुजात चोरांनी टांकसाळ थाटावी, आणि त्यांच्याच गुन्ह्याने पुढे इतिहासकाराचे काम सोपे व्हावे, असा हा योग आहे.

चौथ्या शतकात पूर्वेकडील तटाला बाहेरून बुरूज जोडण्यात आले. ह्या वेळी घाई असावी, कारण भरावासाठी जवळच्या स्मशानांतील समाधिशिळा फोडून घातल्या गेल्या. त्यांत क्लासिसियानस ह्याची शिळा होती. बौडिकाच्या बंडानंतर हा ब्रिटनचा वित्ताधिकारी म्हणून आला. सेनापती स्युटोनियस पॉलिनस पराभूतांवर निर्दय सूड उगवीत होता. तो येथे असेतो युद्ध संपणार नाही, असे ह्या अधिकाऱ्याने रोमला कळविले. टॅसिटस हा इतिहासकार त्याला त्याबद्दल दूषणच देतो. आजच्या वाचकाला ते पटणे कठीण. त्याच्या शिळेचा एक भाग इ. स. १८५२ मध्ये आणि दुसरा इ. स. १९३५ मध्ये मिळाला. शिळा उभारणारी त्याची पत्नी ज्युलिया पकाटा ही ‘इंडस’ नामक पुरुषाची कन्या होती. भारतीय वाचकाचे कान ह्या नावाने टवकारतील, परंतु हा इंडस गॉलमधील ट्रेव्हेरी जमातीचा सरदार होता. सिंधू नदीशी त्याचा संबंध नाही.

तटाने नगराचे रक्षण केले, तसा एक उपद्रवही केला. उत्तरेकडून वॉलब्रुक हा ओढा नगरात येत असे. त्याच्यासाठी तटाखालून मोऱ्या ठेवल्या होत्या. त्या तुंबल्या, पाणी बाहेर साचले आणि तेथे दलदल झाली. मूरफील्ड्स हे नाव त्या दलदलीचे आहे.

इ. स. १७६० नंतर वाहतुकीला अडथळा म्हणून बहुतेक वेशी पाडण्यात आल्या. तट गोदामांच्या व तळघरांच्या भिंतींत लपला. तो पुन्हा उघडा पडला तो जर्मन बॉम्बांनी. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री क्रिपलगेटचा भाग जळून गेला. युद्धानंतर त्या उघड्या तळघरांत डब्ल्यू. एफ. ग्राइम्स ह्यांनी उत्खनन केले. नोबल स्ट्रीट येथे त्यांना दिसले की, तट एकसंध नसून एकमेकींना चिकटलेल्या दोन भिंतींचा आहे. बाहेरची सुमारे चार फुटांची भिंत आधीची. आतली केवळ जाडी वाढविण्यासाठी मागाहून जोडलेली. बाहेरची भिंत पुढे गोलाकार कोपरा घेऊन वळते, आणि असा कोपरा रोमन लष्करी किल्ल्याचा असतो. म्हणजे नगराला तट होण्याच्या कित्येक दशके आधी, इ. स. १२० च्या सुमारास, येथे सुमारे बारा एकरांचा किल्ला होता, आणि तट बांधणाऱ्यांनी त्याच्या उत्तर व पश्चिम बाजू आयत्याच वापरल्या. नकाशावर तटाची रेषा वायव्येला विचित्रपणे मोडते, ती का, ह्याचे पंडितांना पडलेले कोडे एका तळघरात सुटले. क्रिपलगेट ही वेस म्हणजे त्या किल्ल्याचे उत्तरद्वार, आणि तिच्याकडे जाणारा वुड स्ट्रीट हा किल्ल्यातील जुन्या रस्त्याच्याच मार्गाने जातो.

ग्राइम्स ह्यांना सापडलेले किल्ल्याचे पश्चिमद्वार आज ‘लंडन वॉल’ नावाच्या रस्त्याखाली एका बंद दालनात जतन केलेले आहे. त्याच रस्त्याखाली मोटारी ठेवण्याचा भुयारी तळ आहे. तेथे ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांच्या मधोमध तटाचा एक तुकडा उभा आहे, लाल विटांच्या थरांसह.