बॅगेतली हवा

१५ लिटरची एक कॅमेरा बॅग घ्या. तिच्यात कॅनन फाइव्ह डी मार्क फोरसारखा मोठा कॅमेरा ठेवा आणि सोबत तीन लेन्स: २४-७०, ७०-२०० आणि १०० मिलिमीटरची मॅक्रो. बॅग भरली, चेन जेमतेम लागली. आता या चारही वस्तूंची मापं घेऊन घनफळ काढा. सगळं मिळून ४ लिटरही भरत नाही. उरलेल्या ११ लिटरमध्ये आहे तरी काय? थोडं कापड, बराचसा फोम आणि मोकळ्या फटी. फोमचा तुकडा भिंगाखाली धरला तर त्यात बारीक बारीक बुडबुडेच दिसतात. त्याच्या आकारमानात नव्वद टक्क्यांहून जास्त हवा असते. दुकानात आपण काही हजार रुपये मोजून जी वस्तू घेऊन येतो, ती मुख्यतः नीट कोंडलेली हवा असते.

हीच हवा घसरलेली लेन्स झेलते, गार काचेवर दव धरू देत नाही, आणि दुर्लक्ष झालं तर लेन्सच्या आत बुरशीही पिकवते. बॅग निवडताना आपण रंग, कप्पे आणि किंमत पाहतो. मला वाटतं, आधी या हवेची चौकशी करावी.

त्या चौकशीसाठी कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्यासारखं ठिकाण नाही. संकेश्वरहून गडहिंग्लज आणि आजऱ्यामार्गे आंबोलीकडे निघालं की रस्त्यागणिक पाऊस वाढत जातो. गडहिंग्लजला नुसती भुरभुर असते, आजऱ्यात सरी लागतात आणि पुढे तीसेक किलोमीटरवर आंबोलीत वर्षाचा पाऊस सात हजार मिलिमीटरच्या घरात जातो. हिरण्यकेशी नदी याच वाटेने उलटी येते. आंबोलीजवळ उगम पावते, आजऱ्याजवळ रामतीर्थाला खडकांवरून कोसळते आणि पुढे कर्नाटकात जाऊन घटप्रभेला मिळते. तिच्या उगमाच्या कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशाचं शास्त्रीय वर्णन २०२० साली प्रसिद्ध झालं. नदीवरूनच त्याला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळालं आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. आंबोलीच्या सड्यांवर राहणाऱ्या ‘आंबोली टोड’ या भेकाला विज्ञानाच्या वहीत जागा मिळाली तीही अलीकडेच, २००९ साली. शिवाय आजरा-चंदगडच्या रानात हत्ती वावरतात.

म्हणजे एकाच दिवसात बोटाएवढ्या बेडकासाठी मॅक्रो लागते, रामतीर्थाच्या धबधब्यासाठी रुंद कोनाची लेन्स लागते आणि हत्तीसाठी, त्याच्यापासून पुरेसं लांब राहायचं असतं म्हणून, लांब पल्ल्याची. इथे तीन-चार लेन्स घेऊन फिरणं ही हौस नाही, गरज आहे.

मग पाठीवरची सॅक का नको? उत्तर पायाखाली आहे. पावसाळ्यात सड्यावर जांभ्याच्या प्रत्येक खळग्यात पाणी असतं, उरलेल्या जागेत शेवाळ आणि चिखल. सॅकमधून लेन्स काढायची तर सॅक उतरवून कुठेतरी टेकवावी लागते, आणि टेकवायला कोरडी जागाच नसते. खांद्याची बॅग पाठीकडून पोटाकडे सरकवली, झाकण उचललं, हात आत. बॅग जमिनीला लागलीच नाही.

या गरजेचा इतिहासही मजेचा आहे. इंग्लंडमधल्या बिलिंगहॅम कंपनीने १९७३ साली मासे पकडणाऱ्यांसाठी कॅनव्हासच्या बॅगा बनवायला सुरुवात केली. काही वर्षांनी, १९७८ च्या सुमारास, तिच्या लक्षात आलं की न्यूयॉर्कचे छायाचित्रकार त्या घेऊन त्यात कॅमेरे ठेवत आहेत. नवल वाटतं, पण विचार केला तर दोघांचं काम एकच. गळ टाकून पाण्यात उभा असलेला माणूस बॅग खाली ठेवू शकत नाही, आणि त्याची नजर पाण्यावर असते, त्यामुळे हाताला न बघता वस्तू सापडावी लागते. त्याच दशकात ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’चे वृत्तछायाचित्रकार जिम डोम्के यांनी स्वतःच्या कामासाठी मऊ कॅनव्हासची बॅग आखली, तीही याच तत्त्वावर: कडक खोकं नको, अंगाला बिलगणारी, वरून चटकन उघडणारी बॅग हवी. आजच्या बहुतेक खांद्याच्या बॅगा या दोन घराण्यांतल्या.

आता वजन. वर सांगितलेला कॅमेरा ८९० ग्रॅमचा. २४-७० (एफ २.८) ८०५ ग्रॅम, ७०-२०० (एफ २.८) १,४८० ग्रॅम, मॅक्रो ६२५ ग्रॅम. बेरीज ३ किलो ८०० ग्रॅम. फ्लॅश आणि त्याचे सेल अर्धा किलो, रिकामी बॅग दीड किलोची. पाण्याची बाटली आणि पावसाचं कव्हर टाकलं की आकडा ६ किलोच्या वर जातो. हे सगळं एका खांद्यावर.

अडीच सेंटिमीटर रुंदीचा पट्टा खांद्यावर साधारण दहा सेंटिमीटर टेकतो. म्हणजे २५ चौरस सेंटिमीटरवर ६ किलो. पट्टा सहा सेंटिमीटरचा केला तर तेच वजन ६० चौरस सेंटिमीटरवर पसरतं आणि दाब निम्म्याहून कमी होतो. पण पट्टा रुंद केला तरी एक गोष्ट सुटत नाही. बॅग एकाच खांद्याला लटकली की ती घसरू नये म्हणून आपण नकळत तो खांदा वर उचलून धरतो. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू तासन् तास आखडलेला राहतो, कमरेचे स्नायू दुसऱ्या बाजूने तोल ओढत राहतात. संध्याकाळी मान धरते ती या न दिसणाऱ्या मेहनतीमुळे. पट्टा डोक्यावरून आडवा घेतला तर घसरण्याची भीतीच संपते आणि खांदा खाली येतो. म्हणून पट्टा आडवा घेण्याइतका लांब आहे का, हे रेनकोट घालून तपासावं. पट्टा बॅगेला कुठे शिवला आहे तेही पाहावं. तो बुडाखालून फिरून आला असेल तर भार पट्टाच पेलतो; नुसता कडांना शिवला असेल तर सगळं चार टाक्यांच्या भरवशावर. आणि ६ किलोंच्या पुढे सामान जात असेल तर माझं मत सरळ आहे: एक लेन्स घरी ठेवा.

फोमचं काम मात्र मला जादूसारखं वाटतं, जरी ते साध्या भागाकाराचं आहे. एक मीटरवरून पडलेल्या वस्तूला थांबायला किती अंतर मिळतं, त्यावर तिला बसणारा दणका ठरतो. फरशीवर पडलेली लेन्स समजा दोन मिलिमीटरमध्ये थांबली. एक मीटर भागिले दोन मिलिमीटर म्हणजे ५००. थांबताना तिच्यावर सरासरी तिच्या वजनाच्या सुमारे ५०० पट बळ येतं. दीड किलोच्या लेन्ससाठी हे साडेसातशे किलो झाले. फोमने तिला दबत दबत एक सेंटिमीटर दिला तर तोच भागाकार १०० वर येतो, म्हणजे दीडशे किलो. हे सहाशे किलो कोणी वाचवले? एक सेंटिमीटर हवेने आणि तिला सावकाश दबू देणाऱ्या पातळ भिंतींनी.

पण या भिंती नेमक्या ताकदीच्या हव्यात. फोम फार मऊ असेल तर लेन्स तो चेपून थेट तळाला आपटते. फार कडक असेल तर तो दबतच नाही. दुकानात अंगठ्याने जोर देऊन पाहावं. बोट तळाला लागत असेल तर तो फोम दीड किलोच्या लेन्ससाठी नाही. आणि हा जोर बाजूच्या भिंतींइतकाच बुडावरही द्यावा. बॅग बहुतेक वेळा बुडावरच आदळते, आणि अनेक बॅगांत नेमका तिथेच फोम पातळ असतो.

मापाचंही तसंच. लिटरचा आकडा फसवतो, उंची पाहावी. ती ७०-२०० जवळपास २० सेंटिमीटर लांब आहे. कॅमेऱ्याला लावलेली ठेवायची तर २७ सेंटिमीटरपेक्षा जास्त लागतात, वर फोमची जाडी वेगळी. कॅमेरा लेन्स खाली करून ठेवायचा असेल तर त्याचे खांदे दोन्ही बाजूंच्या पडद्यांवर, म्हणजे आतल्या फोमच्या दुभाजकांवर, टेकले पाहिजेत. लेन्सचं तोंड तळाला टेकून सगळा भार माऊंटवर आला तर आतला फोम असून नसल्यासारखा.

कापडाची गोष्ट आजऱ्यात वेगळी वळते. सुती कॅनव्हासचा गुण अचंबा वाटावा असा आहे: भिजला की धागे फुगतात, विणीतली छिद्रं आपोआप आवळतात आणि पाणी आत शिरणं अवघड होतं. मात्र तो भिजून जड होतो, आणि जुलैत इथे दोरीवर टाकलेला सदरासुद्धा दोन दिवस ओला राहतो. बिलिंगहॅमने कापडाच्या दोन थरांमध्ये रबराचा थर घातला; ही युक्ती चार्ल्स मॅकिंटॉश यांच्या १८२३ च्या रेनकोटाची. नायलॉन फारसं पाणी पीत नाही, म्हणून लवकर वाळतं. त्यावर लिहिलेला ‘१००० डेनियर’ हा आकडा इचलकरंजीच्या मागवाल्यांना सांगायला नको. इतरांसाठी एवढंच की त्या धाग्याची ९ किलोमीटर लांबी भरते १ किलो. नायलॉनच्या आतून दिलेला पॉलियुरेथेनचा लेप मात्र दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की विघटन पावून चिकट होतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. जुनी बॅग घेताना आत बोट फिरवून पाहावं.

कातडी बॅग देखणी, आणि कोल्हापूर जिल्ह्यात कातड्याचं कौतुक कुणाला नाही? पण हाच जिल्हा पाऊस लागला की कोल्हापुरी चपला पुसून माळ्यावर ठेवतो. जे पायाला कळतं ते लेन्सच्या बाबतीतही खरं. ओलं कातडं बुरशीला आवडतं, आणि काचेशेजारी बुरशीला घर करून देऊ नये.

पावसाच्या कव्हरबद्दल घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्याकडून शिकावं. भात लावताना पाठीवर घ्यायचं इरलं: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पानांचा थर. वरून बंद, खालून मोकळं. पाणी निथळून जातं आणि अंगाची वाफ खालून सुटते. बॅगेला चारही बाजूंनी घट्ट बसणारं कव्हर पाणी अडवतं, पण शिवणीतून झिरपलेलं पाणी बुडाशी साठवतं आणि बॅग त्याच पाण्यात बसते. कव्हरला खाली निचऱ्याचं छिद्र हवंच. मला तर नुसतं वरून पुढे आलेलं, कडांवर खाली वळणारं झाकण जास्त भरवशाचं वाटतं. चेन कितीही ‘वॉटरप्रूफ’ म्हणवली तरी तिच्या टोकाशी फट असते.

वेल्क्रोबद्दल एक सूचना. स्विस अभियंता जॉर्ज द मेस्ट्राल १९४१ मध्ये कुत्र्याला घेऊन फिरून आले, तेव्हा कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी फळं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. प्रत्येक काट्याला आकडा होता. त्यातून वेल्क्रो निघालं आणि १९५५ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. बॅगेतले पडदे हवे तसे हलवता येतात ते या आकड्यांमुळे. पण झाकणालाही वेल्क्रो असेल तर उघडताना येणारा कर्रकन आवाज रानात फार लांब जातो. झाकणाला बक्कल असावं.

आता पुन्हा हवेकडे. कोल्हापूरहून एसी लावून आलेली गाडी रामतीर्थाशी थांबते. कॅमेरा २० अंशांचा, बाहेरची हवा २५ अंशांची आणि पाण्याने भरलेली. बॅग उघडताच काच पांढरी होते, कारण तिला लागलेली हवा गार होऊन पाणी सोडते. पुसलं की पुन्हा येतं. आंबोलीहून घाट उतरून सावंतवाडीला गेलं तरी हेच. उपाय बॅगेतच आहे. ती अर्धा तास बंद ठेवा. दणका अडवणारे तेच बुडबुडे उष्णतेलाही हळूहळू आत सोडतात, आणि बाहेरची दमट हवा काचेपर्यंत पोचण्याआधी काच ऊबदार होते.

मात्र घरी आल्यावर तीच बॅग बंद ठेवणं घातक. २५ अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. म्हणजे १५ लिटर हवेत ते एक ग्रॅमचा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढं शोषायला सिलिका जेलचे दोन-चार ग्रॅम पुरतात. त्या दाण्यांच्या पोटात इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग सातशे चौरस मीटरपर्यंत भरतो, जवळजवळ सात गुंठे! पण भिजलेला फोम, ओलं लेन्स हूड, काच पुसून कोंबलेला रुमाल यांत हवेपेक्षा कित्येक पट पाणी असतं, आणि तिथे या सात गुंठ्यांचं काही चालत नाही. बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतातच. काचेवरची धूळ आणि बोटांचा तेलकटपणा त्यांना पुरतो, आणि वाढताना सुटणारी आम्लं काचेवरचा लेप खातात.

म्हणून बॅगेचे आतले पडदे पूर्ण सुटे होऊन बाहेर निघतात का, हा माझ्या मते दुकानात विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. निघत असतील तर पावसातून आल्यावर पडदे पंख्याखाली आणि बॅग उलटी टांगून ठेवता येते. कॅमेरा आणि लेन्स तोवर रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक घालून. काटा ४० ते ५० टक्क्यांत असला की ठीक. जेलचे निळे दाणे गुलाबी किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले की ते भरले असं समजावं, आणि १२० अंशांना काही तास तापवून पुन्हा वापरावेत. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा विषारी क्षार असतो, तेव्हा स्वयंपाकाची भांडी त्यासाठी वापरू नयेत.