विश्लेषण : जुन्या ‘क्लिपलेस’ पेडलांना अजूनही मागणी का? शेलू-कर्जतच्या रस्त्यांसाठी घेताना काय तपासावे?

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळच्या मधले शेलू हे सायकलस्वारांच्या सोयीचे ठिकाण. एका बाजूला बदलापूरकडचा रस्ता, दुसरीकडे नेरळ आणि माथेरानचा घाट, पुढे कशेळे-खांडसकडे भीमाशंकरच्या पायथ्यापर्यंत जाणाऱ्या वाटा. डांबरी रस्ता सोडला की चिखल, मुरूम आणि चढ. अशा ठिकाणी माउंटन बाइक घेऊन उतरणाऱ्यांपैकी काही जण आता ३०-३५ वर्षांपूर्वीच्या बनावटीची ‘क्लिपलेस’ पेडले शोधू लागले आहेत. बूट पेडलात अडकवून चालवण्याची ही पद्धत जितकी उपयुक्त, तितकीच निष्काळजीपणाला न खपवून घेणारी आहे. त्यामुळे जुना माल घेताना चकाकीपेक्षा इतर गोष्टी पाहाव्या लागतात.

बूट अडकतो, तरी नाव ‘क्लिपलेस’ का?

पूर्वी स्पर्धेच्या सायकलींच्या पेडलांवर पुढच्या बाजूला धातूची जाळी आणि चामडी पट्टा असे. या जाळीला ‘टो क्लिप’ म्हणत. पाय त्यात घालायचा आणि पट्टा ओढून घट्ट करायचा. ही जाळी ज्या पेडलांना नाही ती ‘क्लिपलेस’. त्याऐवजी बुटाच्या तळाला ‘क्लीट’ नावाची छोटी धातूची पट्टी स्क्रूने बसवलेली असते. ती पेडलातील स्प्रिंगच्या जबड्यात खटकन बसते आणि टाच बाहेरच्या बाजूला वळवली की सुटते.

फ्रान्समधील ‘लूक’ कंपनी बर्फावरच्या स्कीसाठी बूट धरून ठेवणारी यंत्रणा बनवत असे. तेच तत्त्व तिने १९८४ मध्ये सायकलच्या पेडलात आणले. १९८५ मध्ये बर्नार्ड इनो याने ही पेडले वापरून ‘टूर दी फ्रान्स’ जिंकली आणि रस्त्यावरच्या शर्यतींतून चामडी पट्टे हद्दपार होऊ लागले.

माउंटन बाइकसाठी वेगळी पेडले का लागली?

रस्त्यावरच्या सायकलीचा क्लीट मोठा आणि बुटाच्या तळातून बाहेर आलेला असतो. तो घालून चालणे म्हणजे फरशीवर घसरण्याची तयारी. डोंगरवाटेवर मात्र सायकल वारंवार खांद्यावर घ्यावी लागते, ओढे पार करावे लागतात. जपानच्या ‘शिमानो’ने १९९० च्या सुमारास ‘एसपीडी’ ही पद्धत आणली. यात दोन स्क्रूंचा लहानसा क्लीट बुटाच्या खाचेत दडलेला असतो आणि पेडलाच्या दोन्ही बाजूंना जबडा असतो. त्या मालिकेतील ‘पीडी-एम७३७’ हे पेडल आज संग्राहक आणि चालवणारे दोघेही शोधतात.

पुढे ‘टाइम’, ‘स्पीडप्ले’, ‘क्रँकब्रदर्स’ यांच्या वेगवेगळ्या रचना आल्या. ‘ओंझा’ने तर धातूच्या स्प्रिंगऐवजी रबरासारख्या लवचीक ठोकळ्यांवर चालणारे पेडल काढले होते. मात्र दोन स्क्रूंचा क्लीट ही माउंटन बाइकच्या बुटांची सर्वसाधारण पद्धत ठरली. त्यामुळेच जुने पेडल आणि आजचा बूट यांची जोडी आजही जमते.

जुन्या पेडलांना किंमत कशामुळे?

पहिले कारण म्हणजे ती उघडता येतात. जुन्या एसपीडी पेडलांत एक्सल, कोन, छरे आणि त्यांना धरणारे टोपण असा पूर्ण संच बाहेर येतो. साफ करून, ग्रीस भरून तो पुन्हा बसवता येतो. दुसरे कारण जुन्या सायकली मूळ स्वरूपात उभ्या करण्याचा छंद. १९९०च्या दशकातील सायकलीवर त्याच काळातील पेडल हवे, असा या मंडळींचा आग्रह असतो.

तरी एक भेद लक्षात ठेवायला हवा. छरे आणि ग्रीस बदलता येतात, कोनमधील ढिलाई काढता येते. झिजलेला जबडा मात्र बहुतेक वेळा दुरुस्त होत नाही. त्याचे सुटे भाग मिळाले तर दुसऱ्या जुन्या पेडलातूनच मिळतात. म्हणून एक्सल खरखरतो म्हणून स्वस्तात मिळणारे पेडल हा चांगला सौदा असू शकतो, आणि आरशासारखे चमकणारे पण जबडा झिजलेले पेडल महाग पडते.

घेण्यापूर्वी काय तपासावे?

एक्सल बोटांनी फिरवून पाहावा. टोकाला हेलकावा दिसला तर तो वाकलेला आहे, असे पेडल घेऊ नये. नुसती खरखर असेल तर साफसफाईने जाण्याची शक्यता असते. त्यानंतर आटे पाहावेत. मोठ्यांच्या सायकलींच्या क्रँकला सहसा ९/१६ इंचाचे आटे असतात, लहान मुलांच्या अनेक सायकलींना अर्ध्या इंचाचे. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. त्यामुळे ‘एल’ आणि ‘आर’ अशी खूण असलेली जोडीच घ्यावी.

जबड्यांपैकी पुढचा स्थिर आणि मागचा स्प्रिंगवर हलणारा असतो. पुढच्या जबड्याच्या कडेला खोल खाच पडली असेल किंवा मागचा जबडा दाबल्यावर परत येत नसेल तर व्यवहार थांबवावा. ताण कमी-जास्त करणारा स्क्रू ३ मिमीच्या ॲलन कीने फिरतो. तो गंजून बसला असेल तर पेडलाचा ताण आपल्या हातात राहत नाही.

क्लीट मिळतो का, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा. शिमानोच्या बहुतेक जुन्या एसपीडी पेडलांत आजचा ‘एसएच५१’ क्लीट चालतो, तरी प्रत्यक्ष लावून पाहणे उत्तम. स्पीडप्लेचे माउंटन बाइकसाठीचे ‘फ्रॉग’ पेडल मात्र आता बनत नाही, कंपनीही २०१९ मध्ये ‘वाहू’ने घेतली. अशा पेडलाबरोबर क्लीट मिळत नसेल तर ते केवळ शोभेची वस्तू ठरते.

परदेशातून मागवताना काय अडचण?

अनेक चांगली जुनी पेडले परदेशी विक्रेत्यांकडे दिसतात. मात्र भारताच्या परकीय व्यापार धोरणानुसार यंत्रसामग्रीसारख्या भांडवली वस्तू सोडून इतर वापरलेल्या वस्तूंची आयात ‘प्रतिबंधित’ गटात येते, म्हणजे त्यासाठी परवानगी लागते. पार्सल सीमाशुल्क विभागात अडकले तर दंड, शुल्क आणि कुरिअरचा खर्च मिळून पेडलाच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो. ते ‘भेट’ म्हणून दाखवून शुल्काविना सोडवण्याची वाटही डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. त्यामुळे देशातच, शक्यतो हातात घेऊन पाहता येईल असा माल शोधणे शहाणपणाचे.

देखभाल कशी करावी?

पेडल काढताना १५ मिमीचा पाना वरच्या दिशेला उभा धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही बाजूंची पेडले सुटतात. ‘एम७३७’सारख्या पेडलातील एक्सल काढायला ‘टीएल-पीडी४०’ हे दातेरी टोपण लागते. इथे अनेकांची फसगत होते. पेडलाच्या आतील या टोपणाचे आटे उजव्या पेडलात उलटे आणि डाव्यात सरळ असतात, म्हणजे क्रँकवरच्या आट्यांच्या नेमके विरुद्ध. जोर चुकीच्या दिशेने लावला तर टोपणाचे दाते तुटतात.

संच बाहेर आल्यावर डिझेलमध्ये धुऊन कोरडा करावा. छऱ्यांवर खड्डे पडले असतील तर सगळे छरे एकदम बदलावेत. पाण्यात न विरघळणारे ग्रीस भरून १० आणि ७ मिमीच्या पान्यांनी कोन आणि नट जुळवावेत. एक्सल मोकळा फिरला पाहिजे, पण खुळखुळता कामा नये.

जबड्याच्या सांध्यांवर आणि स्प्रिंगवर दर काही फेऱ्यांनंतर तेलाचे थेंब सोडावेत. कर्जत परिसरात पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो आणि सुरुवातीच्या पेडलांच्या बंदिस्त सांगाड्यात चिखल सहज अडकतो. चिखल ब्रशने काढावा. गाड्या धुण्याच्या पंपाचा झोत एक्सलच्या तोंडावर मारला तर पाणी ग्रीसला बाहेर ढकलून आत शिरते.

सुरक्षेचा प्रश्न किती गंभीर?

नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंतचा माथेरानचा घाट चढताना वेग इतका कमी होतो की क्षणभर थांबले तरी तोल जातो. त्याच रस्त्यावर टॅक्सींची ये-जा असते. अशा वेळी पाय सुटला नाही तर सायकलस्वार आडवा होतो, तोही कदाचित गाडीच्या बाजूला. झिजलेला क्लीट, चिखलाने भरलेला जबडा आणि जास्त कसलेला स्प्रिंग या तिन्हींचा परिणाम एकच असतो. म्हणून जुने पेडल लावल्यावर ताण सर्वात कमी ठेवावा, भिंतीला टेकून प्रत्येक पाय वीसेक वेळा अडकवून सोडवावा, मग गवतावर सराव करावा आणि त्यानंतरच घाटात जावे. क्लीटचे स्क्रूही तपासावेत. ते ढिले असतील तर टाच वळते, पण क्लीट जागीच राहतो आणि पाय सुटत नाही.

विकणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

रंग देऊन किंवा घासून पॉलिश केल्यास संग्राहकांच्या दृष्टीने किंमत घटते. धुऊन, ग्रीस भरून, आटे आणि जबड्यांची जवळून छायाचित्रे द्यावीत. दोष असेल तर आधीच सांगावा, कारण घेणारा त्यावर पाय अडकवून घाट चढणार आहे. क्लीट, स्क्रू आणि टोपण सोबत दिले तर विक्री लवकर होते.

ऑनलाइन व्यवहारात पैसे ‘मिळवण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना नाही. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करता येते.