पासिंग झाले म्हणजे काय झाले?

आमच्या घरी वर्षातून एकदा सणासारखी धांदल उडते, ती टेंपोच्या पासिंगची. वडिलांचा मालवाहू टेंपो अकरा वर्षांचा आहे. बेळगावची भाजी चोर्ला घाटातून गोव्यात न्यायची, हा आमचा धंदा. मार्केटमधले मराठी ड्रायव्हर ज्याला 'पासिंग' म्हणतात, त्यालाच कन्नड ड्रायव्हर 'एफसी' म्हणतात. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र दोघेही 'ब्रेक इन्स्पेक्टर' म्हणतात. साऱ्या गाडीत मान कोणाचा मोठा, हे त्या नावातच आले.

कायदा असा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे मालवाहू व भाड्याच्या गाडीपाशी योग्यतेचा दाखला नसेल, तर तिची नोंदणीच वैध धरली जात नाही. नव्या गाडीचा दाखला दोन वर्षे चालतो. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरसाल तपासणी होते. खाजगी मोटारी व स्कूटर यांना हा जाच नाही. त्यांची नोंदणी पंधरा वर्षे चालते, आणि तपासणी होते ती त्यानंतर, नूतनीकरणाच्या वेळी. आपल्या कॉलेजच्या आवारात रोज उभ्या राहणाऱ्या बहुतेक दुचाक्यांचे ब्रेक सरकारने अद्याप पाहिलेलेच नाहीत! पीयूसीचा कागद असतो खरा, पण तो धुराचा.

आता घरची गोष्ट सांगतो. बी.कॉम.ला आल्यापासून टेंपोची हिशेबवही माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी पासिंगच्या आदल्या दिवशी आमचे मागचे दोन गुळगुळीत टायर काढून मामांच्या टेंपोचे चांगले टायर चढवले, दिवे पुसले, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या नव्या लावल्या. पासिंग झाले आणि संध्याकाळी टायर परत गेले. हे आम्ही एकट्यांनी केले असे नाही, पण आम्ही केले हे खरे. वर्गात 'विंडो ड्रेसिंग' शिकलो तेव्हा मला दुसऱ्या उदाहरणाची गरज पडली नाही. ताळेबंद ३१ मार्चचा असतो. १ एप्रिलला तिजोरीत काय उरले, ते तो सांगत नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी मेस्त्रींनी ब्रेक लायनर बदलायला सांगितले. मी वहीत तो खर्च पुढे ढकलला. माझे म्हणणे असे, की नुकतेच पासिंग झाले आहे, सरकारने गाडी चांगली ठरवली आहे, घाई कशाला? तिसऱ्या आठवड्यात टोमॅटोचे क्रेट भरून घाट उतरताना वडिलांच्या पायाखाली पेडल तळाला गेले. त्यांनी गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या चरीत घातली. दरीची बाजू दुसरी होती. मालाचे नुकसान झाले, वडिलांच्या खांद्याला मार बसला. दाखल्याची मुदत अजून नऊ महिन्यांवर होती.

मेस्त्रींनी मला चाक उघडून दाखवले. घाटात लायनर सतत ड्रमवर घासत राहतात, तापतात, आणि तापले की त्यांची पकड कमी होते. झिजलेले असले तर सारे लवकर घडते. त्यातच ब्रेक ऑइल जुने असेल तर हवेतले पाणी शोषून ते कमी उष्णतेला उकळते, नळीत वाफ धरते आणि पेडल पोकळ लागते. सपाट मैदानात, रिकाम्या गाडीत, दहा मिनिटांत यातले काय दिसणार? "नोडरी," मेस्त्री म्हणाले, "ब्रेक इन्स्पेक्टर वर्षातून एक दिवस बघतो, मी बाकीचे दिवस."

मग तपासणी निरुपयोगी म्हणावी काय? या प्रश्नाचा छडा नॉर्वेत लावला गेला. तिथे सुमारे दोन लाख मोटारींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एका गटाची दरसाल तपासणी, दुसऱ्याची एकदाच, तिसऱ्याची मुळीच नाही. १९९२ साली निष्कर्ष छापून आले. तपासलेल्या गाड्यांची यांत्रिक स्थिती सुधारली होती, पण अपघातांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. उलट ब्रिटनमध्ये १९६० साली दहा वर्षांवरील गाड्यांचे ब्रेक, दिवे व स्टिअरिंग तपासू लागले, तेव्हा इतक्या गाड्या नापास झाल्या की ही मर्यादा पुढच्याच वर्षी सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणावी लागली. अमेरिकेत टेक्सास राज्याने २०२५ पासून खाजगी मोटारींची सुरक्षा तपासणी बंद केली, तर जर्मनीत ती दर दोन वर्षांनी आजही होते. शहाणी माणसेही यावर एकमताची नाहीत.

मला वाटते, नॉर्वेचे निष्कर्ष आपल्या टेंपोला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. ती खाजगी मोटारींची पाहणी होती. भरलेल्या क्रेटांनिशी घाट उतरणाऱ्या जुन्या गाड्यांची नव्हे. आमच्यासारख्यांची एरवी न होणारी निम्मी कामे पासिंगच्या धाकाने तरी होतात. २०२१ मध्ये केंद्र सरकारने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले. तिथे चाके रोलरवर फिरवून प्रत्येक चाकाच्या ब्रेकचा जोर यंत्राने मोजतात, आणि डावे-उजवे चाक सारखे धरते की नाही तेही कळते. डोळ्यांनी पाहण्यापेक्षा हे पुष्कळ बरे. मात्र टायर मामांचे की आमचे, हे त्या रोलरलाही कळणार नाही.

हिशेबवहीत मी आता पासिंगचा रकाना वेगळा आणि ब्रेकचा वेगळा केला आहे. ब्रेकच्या रकान्यात तारखा मेस्त्रींनी सांगितलेल्या आहेत. यंदाचे पासिंग पुढच्या पंधरवड्यात आहे. परवा मामांचा फोन आला, "काय रे, टायर पाठवू काय?" मी नको म्हणालो. नवे टायर घेतले आहेत, त्यांचे हप्ते दिवाळीपर्यंत फेडायचे आहेत.