हिंदी चित्रपटगीतांतील थाट आणि चलन

ज्या घरी पेटी आहे आणि ज्या घरी तीन पिढ्या एकत्र नांदत आहेत, त्या घरी एक वाद हटकून होत असतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, हल्लीच्या सिनेमाच्या गाण्यांत राग म्हणून काही उरलेलाच नाही. यावर घरातला एखादा चुणचुणीत नातू पेटी पुढे ओढतो, तीच गाणी बिनचूक वाजवून दाखवितो आणि विचारतो, ‘आजोबा, तुमच्या रागाचे सातही सूर या गाण्यात जागच्या जागी आहेत. मग गेले ते काय?’ आजोबा चिडतात. उत्तर मात्र देत नाहीत. वस्तुतः नातवाचा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याला चिडून नव्हे, समजावून उत्तर देणे हे आपले कर्तव्य आहे. आजच्या भाषणात तोच प्रयत्न करावयाचा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करून घेऊ. थाट निराळा आणि राग निराळा. पंडित भातखंडे यांनी हिंदुस्थानी रागांची व्यवस्था बिलावल, कल्याण, खमाज, काफी, आसावरी, भैरवी, भैरव, पूर्वी, मारवा व तोडी या दहा थाटांत लावून दिली. थाट म्हणजे केवळ स्वरांची यादी. राग म्हणजे त्या स्वरांची चालण्याबोलण्याची रीत: कोणत्या स्वरावर थांबावयाचे, कोणाला नुसता स्पर्श करून पुढे जावयाचे, चढताना कोणाला वगळावयाचे आणि उतरताना कोणाला सामावून घ्यावयाचे. या रीतीला आपण चलन म्हणतो. बागेश्री आणि भीमपलासी हे दोन्ही राग काफी थाटाचे. दोहोंत गांधार व निषाद कोमल, आणि दोहोंत मध्यमाला मान मोठा. परंतु भीमपलासी चढताना ऋषभ व धैवत टाकून पंचमावर निःशंकपणे पाऊल ठेवते, तर बागेश्री चढताना धैवताचा आश्रय घेते आणि पंचमाला उतरतानाच काय ती ओळख देते. सामग्री एकच, पण स्वभाव दोन. आजोबांना जे हरवलेसे वाटते ते हे चलन होय. आणि नातवाला पेटीवर जे सापडते तो थाट होय. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत आहेत.

आता हा बदल कसा घडत गेला ते पाहू. आणि त्याकरिता आपल्याला नागपूर सोडून फार दूर जावयास नको. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतील शंकरराव सप्रे यांनी या शहरात संगीताचे विद्यालय चालविले होते. त्यांच्यापुढे बसून शिकलेल्या मुलांत दोन मुले अशी निघाली की, पुढे त्यांची नावे सर्व महाराष्ट्राच्या तोंडी झाली. एक १९२० साली मूर्तिजापूर येथे जन्मलेले वसंतराव देशपांडे, आणि दुसरे १९१८ साली पुणतांबे येथे जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, ज्यांना हिंदुस्थान सी. रामचंद्र या नावाने ओळखतो. गुरू एकच, पण एकाने राग अखेरपर्यंत सोडला नाही आणि १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकात तो रंगभूमीवर पुन्हा उभा केला, दुसऱ्याने चित्रपटगीताला नवे वळण लावणाऱ्यांत अग्रस्थान मिळविले. तेव्हा चित्रपटातील स्वर बदलले ते बदलणाऱ्यांना राग ठाऊक नव्हता म्हणून, हा समज प्रथम टाकून दिला पाहिजे.

बोलपटाचा जन्म १९३१ सालचा. त्या आरंभीच्या काळात चित्रपटाचे गाणे हे नाटकाच्या गाण्याचे धाकटे भावंड होते. १९३२ साली प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत काढला, तेव्हा त्याचे संगीत केले गोविंदराव टेंबे यांनी. ज्यांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला आणि ज्यांच्या चालींनी रंगभूमी गाजविली, तेच गृहस्थ तिथे होते. मग रागही नाटकातून जसाच्या तसा पडद्यावर आला यात नवल नाही. त्यांच्यामागून प्रभातमध्ये आले केशवराव भोळे. हे आपल्या वऱ्हाडचे. जन्म अमरावतीचा, १८९६ सालचा. ‘अमृतमंथन’ (१९३४) आणि ‘संत तुकाराम’ (१९३६) यांचे संगीत त्यांचे. भोळ्यांना राग उत्तम अवगत होता, पण पात्राच्या मुखी शोभेल तेवढाच तो घ्यावा, असा त्यांचा कटाक्ष असे. ‘कुंकू’ व त्याची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ (१९३७) यांत शांता आपटे यांच्या तोंडी त्यांनी लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कवितादेखील घातली. रागाच्या अंगणाला येथे पहिले फाटक लागले, असे म्हणावयास हरकत नाही.

आणखी एका गोष्टीचा परिणाम विसरता कामा नये. त्या काळची तबकडी एका बाजूस तीन मिनिटांहून थोडे अधिक गाणे घेई. रागाला आलापाची सवड राहिली नाही. मुखड्यातच त्याची ओळख पटली पाहिजे, असे बंधन पडले. चांगल्या संगीतकारांनी या बंधनाचा गुण केला. सी. रामचंद्रांच्या ‘अनारकली’ (१९५३) या चित्रपटातच मघाचे दोन्ही राग सापडतात: हेमंतकुमार व लता मंगेशकर यांचे युगुलगीत बागेश्रीत, आणि लताबाईंचे एकटीचे प्रसिद्ध गीत भीमपलासीत. थाट एकच असून पहिल्याच ओळीत दोन्ही गाणी निराळी कळतात, याचे श्रेय चलनाला आहे. पुढे ‘नवरंग’मध्ये (१९५९) त्यांनीच मालकंस असा बांधला की ज्यांनी मैफल कधी पाहिली नाही, त्यांनाही तो राग गुणगुणता आला.

परंतु याच रामचंद्रांनी ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘अलबेला’ (१९५१) यांत अमेरिकन नाचगाण्याची लयही आणली. मुंबईच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक फार होते. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले तुतारीवादक रामचंद्रांचे साहाय्यक होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सॅबेस्टियन डिसूझा यांसारखे जाणकार पाश्चात्त्य स्वरलेखन लीलया लिहीत व वाचीत. या मंडळींनी चित्रपटसंगीताला जी देणगी दिली ती म्हणजे स्वरसंगती, ज्याला वादक कॉर्ड म्हणतात: तीन किंवा अधिक सूर एकाच वेळी वाजवून चालीखाली अंथरलेली बैठक.

ही बैठक मोठी सुखाची असते. मात्र तिच्या काही अटी असतात. खालचे सूर स्थिर असतील तर वरच्यालाही स्थिर राहावे लागते. दरबारीचा कोमल गांधार डोलत डोलत येतो. त्याच्याखाली सरळ, अचल गांधार वाजू लागला म्हणजे एक तर त्याने डोलणे सोडावे, नाही तर भांडण पत्करावे. दुसरी अट अशी की, पंचमावर उभी राहणारी जी प, नि, रे ही संगती पाश्चात्त्यांना अत्यावश्यक वाटते, ती शुद्ध ऋषभावाचून जुळत नाही. त्यामुळे झाले काय की, बिलावल, कल्याण, खमाज, काफी, आसावरी हे शुद्ध ऋषभाचे थाट चित्रपटाच्या अंगणात सहज रुळले. बिलावल तर पाश्चात्त्यांच्या मेजर सप्तकाशी आणि आसावरी त्यांच्या नैसर्गिक मायनरशी मिळतीजुळतीच आहे. मारवा, पूर्वी व तोडी यांचा ऋषभ कोमल. ते थाट दाराशीच थबकले. भैरवीचा ऋषभही कोमल खरा, पण तिच्यात बाराही सूर खपवून घेण्याची आपली जुनी मुभा असल्याने तिचे बस्तान मात्र बसले. शंकर-जयकिशन यांच्या ‘बरसात’पासून (१९४९) ती घरोघर पोहोचली. उलट, दक्षिणेकडून आलेल्या कीरवाणीचे भाग्य उजळले, कारण तिचे स्वर पाश्चात्त्यांच्या हार्मोनिक मायनरशी तंतोतंत जुळतात. ओ. पी. नय्यर यांच्या ‘मेरे सनम’मध्ये (१९६५) महंमद रफींनी ती गाइली. आवडनिवड बदलली ती केवळ लहरीने नव्हे. खाली अंथरलेल्या बैठकीने ती ठरविली.

याहून सूक्ष्म असा एक बदल सुरांच्या उंचीतच झाला आहे. षड्जाची कंपने सेकंदास २४० धरली तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा शुद्ध गांधार ३०० कंपनांचा येतो आणि पंचम ३६० चा. पाश्चात्त्यांनी कोणत्याही पट्टीतून वाजविता यावे म्हणून सप्तकाचे बारा समान भाग केले. त्या हिशेबात पंचम ३५९.६ चा होतो, म्हणजे फरक नगण्य. पण गांधार ३०२.४ वर चढतो. शुद्ध धैवत ४०० ऐवजी ४०३.६ होतो, आणि कोमल गांधार २८८ वरून २८५.४ वर उतरतो. बाजारातील बहुतेक पेट्या, पियानो आणि आजची विजेवर चालणारी वाद्ये याच हिशेबाची असतात. तंबोऱ्याचा गांधार व पेटीचा गांधार एकदम ऐकला तर सेकंदात दोन-अडीच वेळा तो थरथरल्यासारखा भासतो. ज्याने जन्मभर दुसराच ऐकला, त्याच्या कानाला पहिला उतरलेला वाटू लागतो. नुकसान असेल तर ते येथे आहे.

या नुकसानीवर आपल्या नभोवाणीने औषध योजिले होते. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला मज्जाव केला. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले तेव्हाही तो नियम लागू होता. १९७१ नंतर तो सैल करण्यात आला. १९५२ साली केंद्रीय मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी चित्रपटगीतांनाही आळा घातला. हेतू शुद्ध होता, आणि त्यामुळे शास्त्रीय गायकवादकांना मोठा आधारही मिळाला. पण श्रोत्यांनी काय केले? त्यांनी काटा सिलोनकडे फिरविला. अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षी तेथून सुरू झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती सुरू करून आपल्या नभोवाणीला चित्रपटगीते सन्मानाने परत आणावी लागली. यातला धडा असा की, बंदी घालून एखादे वाद्य गप्प करता येते. कान मात्र तयार करता येत नाही. पेटी नसलेल्या त्या काळातही घराघरांतील पेट्या वाजतच होत्या.

त्यानंतरचा इतिहास अधिक वेगाचा आहे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून विजेच्या वाद्यांनी मोठ्या वाद्यवृंदांची जागा घेण्यास प्रारंभ केला. सारंगीचा कण आणि बासरीची मींड यांऐवजी बारा ठरीव सुरांची पट्टी हाताशी आली. १९९७ साली अमेरिकेत गायकाचा ढळलेला सूर आपोआप जागेवर बसविणारी यंत्रयोजना विक्रीस आली, आणि आता ती सर्वत्र रुळली आहे. यंत्र दुष्ट नाही. पण ते ढिलाईने वापरले तर त्याला चूक आणि मींड यांतला भेद कळत नाही. दोन सुरांमधील जी वाट हा रागाचा प्राण, तीच ते चूक समजून पुसून टाकते. आता आजोबांची तक्रार नेमक्या शब्दांत मांडता येईल: घरे सर्व शाबूत आहेत, पण घरांमधल्या वाटा बुजत चालल्या आहेत.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. वसंत देसाई यांनी ‘गुड्डी’त (१९७१) वाणी जयराम यांच्याकडून मियाँमल्हार गाऊन घेतला, तो शाळकरी मुलींच्याही ओठी बसला. हृदयनाथ मंगेशकरांनी ‘लेकिन’मध्ये (१९९१) बिलासखानी तोडी योजिली. हा राग मोठा मासलेवाईक आहे. त्याचे सारे स्वर भैरवीचे, आणि स्वभाव सर्वस्वी तोडीचा. पेटीवर नुसती यादी वाजविली तर भैरवी होईल. चलन सांभाळले तरच बिलासखानी उभी राहील. म्हणजे बैठक कोणतीही असो, वाद्ये कोणतीही असोत, ज्याला चलन ठाऊक आहे तो आजही राग गाऊ शकतो. सप्रे यांच्या विद्यालयातील त्या दोन विद्यार्थ्यांनी हेच दोन वाटांनी सिद्ध केले. धोका नव्या स्वरांपासून नाही. पहिली पिढी राग जाणून तो सोडते, दुसरी न जाणता सोडते, आणि तिसरीला काही सोडले होते याचाच पत्ता नसतो. धोका तो हा आहे.

तेव्हा त्या नातवाला आजोबांनी काय सांगावे? त्याच्या पेटीवर रागावू नये आणि त्याची गाणीही बंद करू नयेत. संध्याकाळी पाच-दहा मिनिटे तंबोरा लावावा. तंबोरा नसेल तर त्याचे यंत्र चालेल, मात्र ते कानाने लावून घ्यावे. त्या नादात मुलाला नुसता गांधार लावावयास सांगावे, आणि मग तोच गांधार पेटीवर ऐकवावा. फरक त्याचा त्याला कळेल. मग ‘अनारकली’तील ती दोन गाणी लागोपाठ लावून त्याला विचारावे, ‘बाळ, सूर तेच असून ही गाणी दोन का?’ या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवशी तो शब्दांत नव्हे, गळ्याने देईल, त्या दिवशी आजोबांचा वाद संपला असे समजावे. आणि त्यानंतर त्याने खुशाल हवी ती वाद्ये वाजवावीत.