साठ टक्क्यांचं निरोगी हृदय

टूडी एकोचा रिपोर्ट हातात पडला की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पंपिंग किती? ‘६०’ वाचून ‘मग उरलेलं ४० टक्के कुठे गेलं?’ असं घाबरून विचारणारे पुष्कळ भेटतात. कुठेही गेलेलं नाही. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्यात डावा कप्पा पुरता रिकामा करत नाही. कप्प्यात १२० मिलिलिटर रक्त भरलं तर साधारण ७० बाहेर पडतं, ५० आत राहतं. ७० भागिले १२०, म्हणजे ५८ टक्के. डॉक्टर याला इजेक्शन फ्रॅक्शन, थोडक्यात ईएफ म्हणतात. हृदय कमजोर झालेल्या रुग्णांत ४० किंवा त्याखालचा ईएफ घटलेला धरतात.

आता फुगलेलं हृदय घ्या. कप्प्यात २५० मिलिलिटर मावतं, बाहेर पडतं तेच ७०. ईएफ २८! दर ठोक्याला शरीराला मिळणारं रक्त दोघांनाही सारखंच; दुसऱ्या हृदयाने ते ताणून, फुगून कसंबसं निभावलेलं असतं. म्हणून ईएफच्या शेजारी कप्प्याचं आकारमान वाचलं नाही, तर रिपोर्ट अर्धाच वाचला.

ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याची सुरुवात स्वीडनमधल्या लुंड इथे झाली. हृदयतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी धातूतल्या भेगा शोधण्याचं सीमेन्सचं यंत्र मिळवलं आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी धडधडत्या हृदयाची पहिली नोंद घेतली. एडलरना पंपिंग मोजायचंच नव्हतं. शस्त्रक्रियेआधी मायट्रल झडप किती आकसली आहे, ते हवं होतं. कागदावर उमटल्या त्या फक्त हलत्या रेषा.

आज पडद्यावर कप्पा दिसतो. तो पूर्ण भरलेला आणि सर्वांत आकसलेला, अशा दोन क्षणांना चित्र थांबवून तपासणारा आतली कड आखतो, तीही दोन कोनांतून. यंत्र त्या आकाराच्या पातळ चकत्या पाडून घनफळ काढतं. माणूस स्थूल असेल, फुप्फुसं फुगलेली असतील, तर कड धूसर दिसते. ठोके अनियमित असतील तर प्रत्येक ठोक्याचा आकडा निराळा. दोन अनुभवी तज्ज्ञांच्या मोजणीतही पाच-दहा अंकांचा फरक पडू शकतो. तेव्हा ३५ चे ३८ झाले म्हणून पेढे वाटू नयेत. गंमत अशी की, छातीत शॉक देणारं यंत्र बसवायचं की नाही, हे ठरवताना याच डळमळीत आकड्याची ३५ ही रेघ पाहिली जाते.

काही गोष्टी तर या आकड्याला दिसतच नाहीत. मायट्रल झडप गळत असेल तर उलट्या दिशेने गेलेलं रक्तही ‘बाहेर पडलेलं’ धरलं जातं आणि ईएफ उगाच चांगला दिसतो. धाप लागून येणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांचा ईएफ ५० च्या वर असतो; त्यांचं हृदय ताठरलेलं असतं, आकसतं ठीक पण नीट भरत नाही.

आकडा सुधारला तरी आजार गेला, असं नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली छापलेल्या लंडनच्या एका अभ्यासात ईएफ पूर्ववत झालेल्या, कुठलाही त्रास नसलेल्या २५ रुग्णांची औषधं देखरेखीखाली हळूहळू थांबवली. सहा महिन्यांत ११ जणांचा आजार उलटला. औषधं चालू ठेवलेल्यांपैकी एकाचाही नाही. तेव्हा पुढच्या एकोला जुना रिपोर्ट सोबत न्या, कप्प्याचं माप विचारा आणि पंपिंग ५५ आलं तरी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.