रंगीत तालमीचे तिकीट

रंगीत तालमीला नाटकवाले प्रेक्षक बोलावतात ते ओळखीचे, आणि फुकट. तिकीटबारी उघडते ती पहिल्या प्रयोगाला. अमेरिकेतल्या बेसबॉलने मात्र तालमीचेच तिकीट विकण्याची रीत शंभराहून अधिक वर्षे चालवली आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर पिचर आणि कॅचर हजर होतात, मागोमाग बाकीचे येतात, आणि मार्चअखेर मुख्य हंगाम सुरू होईपर्यंत मेजर लीगचे तीसही संघ उबदार मुलखात मुक्काम ठोकतात. पंधरा फ्लोरिडात, पंधरा ॲरिझोनात. या ‘स्प्रिंग ट्रेनिंग’मधले सामने हंगामाच्या गुणतक्त्यात धरले जात नाहीत. बरोबरीत सुटले तरी कोणाची तक्रार नसते. तरीही लोक पैसे मोजून उन्हात बसतात. हे लोक फसतात, असे म्हणणे सोपे आहे. पण निकालाला किंमत नसते म्हणूनच या सामन्यांत खेळाची कारागिरी उघडी पडते, आणि ती डोळ्यांना दिसायची तर मैदान लहान व वस्तीतले असावे लागते, असा माझा दावा आहे.

प्रथा मूळची व्यायामाची. १८८६ साली कॅप ॲन्सनने शिकागोचा संघ आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्ज या गरम झऱ्यांच्या गावी नेला, तो हिवाळ्यात चढलेली चरबी उतरवायला. पुढे फ्लोरिडातल्या गावांनी ओळखले की थंडीने गारठलेल्या उत्तरेकडच्या पाहुण्यांना ओढायला ऊन आणि बेसबॉल ही जोडी उत्तम. त्यांपैकी ब्रेडेंटनचे मैदान त्याच काळातले, १९२३ सालचे. आज त्याचे नाव लेकॉम पार्क. त्याआधी बरीच वर्षे ते संघप्रशिक्षक बिल मॅकेक्नी यांच्या नावाने ओळखले जाई. १९६९पासून पिट्सबर्ग पायरेट्सची तालीम याच गावात चालते. मैदानात सुमारे साडेआठ हजार माणसे मावतात. याच संघाच्या पिट्सबर्गमधल्या स्टेडियमात अडतीस हजारांवर. 

या दोन आकड्यांतला फरक नुसत्या गर्दीचा नाही, बघण्याच्या रीतीचा आहे. पिचरचा खांदा हिवाळ्यानंतर हळूहळू तयार करावा लागतो. म्हणून फेब्रुवारीअखेर तो एक-दोन इनिंगच चेंडू टाकतो आणि मार्चअखेर पाच-सहापर्यंत पोचतो. दरम्यान नव्याने शिकलेला एखादा चेंडू तो पुन्हापुन्हा टाकून बघतो. फलंदाज त्याला झोडपतात, फळ्यावर धावा चढतात, आणि पिचरचा दिवस तरीही सत्कारणी लागलेला असू शकतो. मुरलेला प्रेक्षक फळ्याकडे बघतच नाही. कॅचरने ग्लोव्ह कुठे धरला होता आणि चेंडू प्रत्यक्षात कुठे आला, यातले अंतर तो मोजत असतो. स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून हे अंतर दिसत नाही. तिथे नजर मोठ्या पडद्याकडे वळते. लहान मैदानात चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाजही ऐकू येतो.

यावर पहिला आक्षेप असा की हा अर्धामुर्धा खेळ पूर्ण दामाला विकला जातो. सामना निम्म्यावर आला की नामांकित खेळाडू मैदान सोडतात आणि पाठीवर ऐंशी-नव्वदच्या घरातले आकडे असलेली अनोळखी पोरे उतरतात. लोकप्रिय संघांचे तिकीट महाग झाले आहे, ही तक्रारही खरी. मात्र ‘पणाला काहीच नसते’ हे म्हणणे टिकत नाही. संघाचे काही पणाला नसते, माणसाचे असते. छावणीत साठएक खेळाडू असतात आणि हंगाम सुरू होताना संघात सव्वीसच उरतात. २००१ साली आल्बर्ट पुहोल्स हा खालच्या श्रेणीत जेमतेम एक हंगाम खेळलेला तरुण स्प्रिंग ट्रेनिंग गाजवून सेंट लुईसच्या संघात शिरला आणि त्याच वर्षी नॅशनल लीगमधला सर्वोत्तम नवोदित ठरला. २००८ साली पायरेट्सने करारबद्ध केलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू बेसबॉलचे धडे गिरवायला पुढच्या वर्षी ब्रेडेंटनलाच आले. मेजर लीगचे दार त्यांना उघडले नाही. सातव्या इनिंगनंतर उतरणारी ती अनोळखी पोरे याच दोन शक्यतांच्या मध्ये कुठेतरी उभी असतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लहान गाव आणि आपुलकी हे चित्र गोरे प्रेक्षकच रंगवू शकतात. १९४६च्या वसंतात जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मॉन्ट्रियलच्या संघाकडून खेळू लागला, तेव्हा फ्लोरिडातल्या सॅनफर्डमध्ये त्याला मैदानाबाहेर जावे लागले आणि जॅक्सनव्हिलने मैदानालाच कुलूप घातले. पायरेट्सची छावणी १९६८पर्यंत फोर्ट मायर्सला होती. तिथे सुरुवातीच्या वर्षांत रॉबर्टो क्लेमेंटेला गोऱ्या सहकाऱ्यांपासून दूर, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत राहावे लागे. हे झाकून जवळिकीचे गोडवे गाता येत नाहीत. पण डेटोना बीचने १७ मार्च १९४६ रोजी रॉबिन्सनला खेळू दिले, आणि तिथल्या मैदानाला आज त्याचेच नाव आहे. मैदान वस्तीचे असले की त्या वस्तीचा न्याय आणि अन्याय दोन्ही त्याच्या फाटकावर दिसतात. म्हणून ‘वस्तीचे’ म्हणताना कोणाची वस्ती, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो.

तो प्रश्न पैशापाशीही येतो, कारण ही मैदाने बहुधा सार्वजनिक पैशातून उभी राहतात. ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीच्या मतदारांनी २००० साली हॉटेले आणि भाड्याच्या गाड्यांवर कर मंजूर केला. त्यातला एक वाटा अशा मैदानांचा. पर्यटनातून पैसा परत येतो, हे त्यामागचे नेहमीचे समर्थन. पण फ्लोरिडातल्या करपात्र विक्रीचे आकडे तपासणाऱ्या अर्थतज्ज्ञांना लक्षात येण्याजोगी वाढ सापडलेली नाही. कारण उघड आहे: मार्चमध्ये पाहुणे उन्हासाठी तसेही येतात, आणि तिकिटावर गेलेला डॉलर दुसऱ्या कुठल्या दुकानातून वजा होतो. शिवाय संघ गावाला बांधील नसतो. डॉजर्सनी व्हेरो बीचमध्ये साठ वर्षे काढली आणि २००९ साली ते ॲरिझोनात गेले.

तेव्हा नफ्याचा युक्तिवाद सोडून द्यावा. महापालिकेचे नाट्यगृह किंवा बाग आपण नफ्यावर तोलत नाही. ती किती जणांना आणि वर्षातले किती दिवस खुली असते, ते विचारतो. हीच कसोटी लावली तर ॲरिझोनातल्या मेसाच्या पंधरा हजारांच्या मैदानाहून ब्रेडेंटन उजवे ठरू शकते. मैदान शहराच्या मालकीचे आहे, आणि पायरेट्स उत्तरेला गेल्यावरही २०१०पासून त्यांच्या खालच्या श्रेणीचा संघ उन्हाळाभर तिथे खेळतो. मार्चमध्ये सातव्या इनिंगला उतरणाऱ्या त्या पोरांपैकी काही जण तेव्हा तिथेच पहिल्या इनिंगपासून दिसतात, आणि आता त्यांच्या धावा मोजल्या जातात.